वारंवार होणारं युरिन इन्फेक्शन आणि चिकन: बंद करायचं ते नेमकं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, आठ महिन्यांत तिसऱ्यांदा युरिन इन्फेक्शन, तिन्ही वेळा कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हा जिवाणू आणि शेवटच्या रिपोर्टवर 'ईएसबीएल पॉझिटिव्ह' (काही अँटिबायोटिक निकामी करणारं एन्झाइम असलेला) असा शेरा. घरी बुधवारी आणि रविवारी चिकन होतं. चिकनमुळे युरिन इन्फेक्शन होतं अशी बातमी वाचून तुम्ही ते बंद केलंय. सासूबाई म्हणतात, पाणी कमी पितेस म्हणून होतं. तुम्हाला विचारायचंय ते असं, की हा जिवाणू चिकनमधूनच आला का हे तपासता येईल का, आणि चिकन कायमचं सोडावं का.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. हा जिवाणू तुमच्या आतड्यात कुठून आला, हा पहिला. आतड्यातून तो पुन्हा पुन्हा मूत्राशयात का चढतोय, हा दुसरा. चिकनचा संबंध फक्त पहिल्याशी आहे. तुमचा त्रास थांबणं मात्र बरंचसं दुसऱ्यावर अवलंबून आहे, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

ई. कोलाय म्हणजे मोठं खानदान आहे. बहुतेक सदस्य आपल्या आतड्यात निमूट राहतात. काही थेट आतड्यालाच इजा करतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेला त्यातलाच, त्यात पन्नासहून जास्त माणसं दगावली. अशा जिवाणूचा माग काढणं त्यामानाने सोपं असतं, कारण खाल्ल्यावर काही दिवसांत जुलाब सुरू होतात आणि काय खाल्लं होतं ते रुग्णाला आठवतं. तिसरी शाखा आतड्यात असताना काहीच करत नाही, पण मूत्रमार्गात किंवा रक्तात पोचली की आजार करते. साध्या युरिन इन्फेक्शनपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त या शाखेमुळे होतात. हिचे जिवाणू अन्नातून पोटात गेले तरी त्या दिवशी काही होत नाही. ते आतड्यात मुक्काम करतात, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गुदद्वाराच्या आसपासच्या त्वचेवरून मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतात, आणि मग एखाद्या दिवशी जळजळ सुरू होते. तोवर ते कोणत्या रविवारच्या चिकनमधून, कोणत्या भेळेतून की कोणाच्या हातून आले, हे कोण सांगणार?

हा मुक्काम किती लांबतो याचा चांगला अंदाज नेदरलँड्समधल्या प्रवाशांवरच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून येतो. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी ७५ टक्के लोक परतताना आतड्यात ईएसबीएल बनवणारे जिवाणू घेऊन आले होते. निम्म्या लोकांमध्ये ते महिनाभराच्या आत नाहीसे झाले, पण कुठल्याही देशातून हे जिवाणू घेऊन आलेल्या प्रवाशांपैकी ११ टक्क्यांमध्ये ते वर्षानंतरही होते. घरातल्या दुसऱ्या माणसाकडे ते जाण्याची शक्यता १२ टक्के निघाली. परदेशी माणूस आपल्याकडे काही आठवडे राहून हे घेऊन जातो, तर इथेच राहणाऱ्यांच्या आतड्यात ते असण्यात नवल नाही. शुद्ध शाकाहारी घरांतूनही ईएसबीएलचे रिपोर्ट आमच्या लॅबमध्ये सर्रास येतात. तेव्हा त्या शेऱ्यावरून लगेच चिकनकडे बोट दाखवू नका. ईएसबीएल म्हणजे सेफिक्झाइम, सेफ्ट्रायअॅक्सोन या गटातली औषधं निकामी करणारं एन्झाइम. जिवाणूकडे ते आहे एवढंच रिपोर्ट सांगतो. तो कुठून आला हे त्यावरून कळत नाही.

आता चिकनविरुद्ध पुरावा काय आहे ते पाहू. पुरावा आहे, आणि हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत अॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावात संशोधकांनी २०१२ साली वर्षभर दुकानांतून कोंबडी, टर्की आणि डुकराचं मांस विकत घेतलं आणि त्याच काळात गावातल्या रुग्णांचे लघवीचे आणि रक्ताचे जिवाणू जमा केले. मांसाच्या सुमारे ८० टक्के नमुन्यांत ई. कोलाय निघाला. २०१८ साली त्यांनी दाखवलं, की एसटी१३१ या माणसांत फार पसरलेल्या वाणाची 'एच२२' नावाची एक उपशाखा कोंबडीच्या मांसात आणि रुग्णांत, दोन्हीकडे आहे. तिच्यात कोंबड्यांच्या ई. कोलायमध्ये हमखास दिसणारे जनुकांचे तुकडे आहेत, म्हणजे तिचा वावर मुळात पोल्ट्रीतला. त्याच गटाने २०२३ मध्ये अंदाज मांडला, की तिथल्या ई. कोलाय संसर्गांपैकी ८ टक्क्यांच्या आसपास मांसाच्या जनावरांकडून आलेल्या वाणांमुळे होत असावेत. डेन्मार्कमध्ये मांसातून वेगळे केलेले जिवाणू उंदरांच्या मूत्राशयात संसर्ग करू शकतात हेही दिसलंय.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. २०१९ साली ब्रिटनमध्ये ईएसबीएल ई. कोलायची मोठी तुलना झाली. त्यात दुकानातलं चिकन, सांडपाणी, लोकांची विष्ठा आणि रुग्णांचं रक्त असं सगळं होतं. चिकनमध्ये ईएसबीएल भरपूर सापडले, पण ते बहुतेक वेगळ्या वाणांचे निघाले. रुग्णांमधले प्रमुख वाण माणसांच्या विष्ठेत आणि सांडपाण्यात होते, चिकनमध्ये क्वचित. संशोधकांचा निष्कर्ष असा, की हे वाण मुख्यतः माणसाकडून माणसाकडे, शौचानंतर नीट न धुतलेल्या हातांवाटे पसरतात. मला या दोन निष्कर्षांत भांडण दिसत नाही. ८ टक्के म्हणजे उरलेले ९२ टक्के दुसरीकडून.

अमेरिकेचा आकडा उचलून आपल्याकडे लावता मात्र येत नाही. तिथे पिण्याचं पाणी आणि सांडपाणी यांची गाठ पडत नाही. आपल्याकडे पाइपलाइन गटाराशेजारून जाते आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळतं, त्यामुळे माणसाकडून माणसाकडे जाणारा वाटा मोठा असणार. उलट आपलं चिकन डोळ्यांसमोर कापलं जातं, एकाच लाकडी ठोकळ्यावर, एकाच सुरीने, आणि पिसं काढायच्या यंत्रातून सकाळपासून गेलेल्या प्रत्येक कोंबडीची विष्ठा पुढच्या कोंबडीला लागते. म्हणून कच्चं चिकन इथे जास्त बरबटलेलं असू शकतं. पण आपण ते बहुधा त्याच दिवशी, रश्श्यात चांगलं खदखदवून खातो, ही आपली जमेची बाजू.

अन्नातला जिवाणू आतड्याबाहेर आजार करतो हे निर्विवाद ठरलेलं एक उदाहरणही आहे. सिंगापूरमध्ये २०१५ साली धडधाकट प्रौढांना ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसमुळे रक्तात संसर्ग, मेंदूज्वर आणि सांध्यांत पू होऊ लागला. माग काढता काढता तो गोड्या पाण्यातल्या माशांच्या कच्च्या कापांपर्यंत पोचला. असे कच्चे काप विकायला बंदी घातली आणि रुग्ण घटले. तिथे वाण एकच होता, पदार्थ ठरावीक होता आणि रुग्ण थोड्या काळात दाटीने आले, म्हणून सिद्ध करता आलं. युरिन इन्फेक्शनमध्ये या तिन्ही गोष्टी नसतात.

यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्या बाबतीत जिवाणू चिकनमधून आला का, हे तपासता येणार नाही. पूर्ण जनुकक्रम काढला तर वाण कळेल आणि तो पोल्ट्रीत सापडणाऱ्या शाखेतला आहे का याचा अंदाज बांधता येईल. पण तुलनेला दोन-तीन महिन्यांपूर्वीचं चिकन कुठून आणणार? आणि उत्तर 'हो' आलं तरी गोळी तीच राहील. पैसे घालवू नका. आज दुकानातून चिकन आणून लॅबला दिलंत तर त्यात ई. कोलाय जवळजवळ नक्की निघेल. त्यावरून तुमच्या आजाराबद्दल काहीही ठरत नाही.

मग सोडावं का? तैवानमधल्या बौद्ध स्वयंसेवकांवरच्या २०२० सालच्या अभ्यासात शाकाहारींमध्ये युरिन इन्फेक्शनचा धोका १६ टक्क्यांनी कमी दिसला. पण शाकाहारी माणसाच्या बाकीच्या सवयीही वेगळ्या असतात, त्यामुळे हे सगळं श्रेय मांस न खाण्याला देता येत नाही. माझं मत विचाराल तर शिजलेलं चिकन सोडायचं कारण नाही. ई. कोलाय ७० अंशांवर दोन मिनिटांत मरतो आणि ईएसबीएल असला तरी तितकाच लवकर मरतो. औषधाला दाद न देणारा जिवाणू उष्णतेलाही पुरून उरतो असा समज ऐकू येतो, तो चुकीचा आहे. ते एन्झाइम औषध तोडतं, आचेपासून वाचवत नाही.

धोका आहे तो कच्चं चिकन हाताळण्यात. ब्रिटनमध्ये १९७७ सालीच हे दिसलं होतं. स्वयंसेवकांनी घरी कोंबडी आणून साफ केली, शिजवली, खाल्ली. तिच्यातले जिवाणू नंतर काहींच्या विष्ठेत सापडले, आणि ते खाण्यातून नव्हे, तर कच्ची कोंबडी हाताळताना आल्याचं स्पष्ट झालं. तुमच्या घरी चिकन कोण साफ करतं हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हीच करत असाल तर पुढचं नीट वाचा, कारण रश्श्यापेक्षा इथे फरक पडेल.

आपल्याकडे चिकन नळाखाली तीन-चार पाण्यांनी धुतात. त्याने जिवाणू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकभर, ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर पसरतात. सगळ्यात बरं म्हणजे धुऊच नये. रक्त आणि हाडांचे कण नको असतील तर कागदाने टिपून घ्या. ते पटतच नसेल तर सिंक आधी रिकामं करा, खोल पातेल्यात पाणी घेऊन त्यात तुकडे बुडवा, हाताने हलवा आणि पाणी सिंकच्या जाळीजवळ टेकवून हळू ओता. नळाची धार चिकनवर सोडू नका. नंतर सिंक साबणाने घासा, मग ४ लिटर पाण्यात १ मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, साधं घरगुती ब्लीच घालून ते पाणी काही मिनिटं तसंच राहू द्या. क्रम महत्त्वाचा आहे. चिकटपणा तसाच असताना ब्लीच ओतलं तर ते चिकटपणावरच खर्ची पडतं. ब्लीच कुठल्याही अॅसिडवाल्या क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. हळद-मीठ किंवा दही लावून ठेवल्याने चव येते, जिवाणूंचा भरवसा देता येत नाही.

विळीचं वेगळं सांगायला हवं. चिकन-मासळी आणि भाजी एकाच विळीवर होत असेल तर आधी ते थांबवा. पातं जिथे पाटात बसतं त्या फटीत मांसाचा कण अडकतो, तिथे घासणी पोचत नाही आणि ओल टिकते. पुढच्या वेळी काकडीची कोशिंबीर तिथूनच जाते, आणि कोशिंबीर शिजत नाही. चिकनसाठी वेगळी सुरी आणि वेगळा बोर्ड ठेवा. बोर्ड लाकडी की प्लॅस्टिकचा यावर लोक खूप वाद घालतात. वेगळा असणं, घासला जाणं आणि उभा ठेवून पूर्ण वाळणं, यापुढे तो मुद्दा गौण आहे. घरी एकच सुरी असेल तर क्रम बदला. आधी कांदा, कोथिंबीर, कोशिंबीर चिरून झाकून ठेवा आणि चिकन शेवटी घ्या.

मग हात. चिकन हाताळल्यावर माणूस सिंककडे जातो खरा, पण त्याआधी मसाल्याच्या डब्यात हात घालतो. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना टर्कीच्या खिम्याच्या पॅटी आणि सॅलड करायला दिलं. खिम्यात माग काढण्यासाठी निरुपद्रवी विषाणू मिसळला होता. तो सगळ्यात जास्त वेळा मसाल्याच्या बरण्यांवर सापडला, जवळजवळ निम्म्या लोकांकडे. आपला मिसळणाचा डबा तर उघडाच आणि चमचाही सगळ्यांना तोच. म्हणून चिकनला लागणारं तिखट, हळद, मीठ आधीच वाटीत काढून ठेवा. नंतर साबणाने २० सेकंद हात धुवा, नखांच्या कडाही चोळा. नळाची तोटी आणि मोबाइल विसरू नका. ओट्यावरचं फडकं त्या दिवशीचं त्या दिवशी उकळा. ओलं फडकं म्हणजे जिवाणूंची नर्सरीच.

शिजवण्याबद्दल थोडंच. रस्सा उकळून तुकडा हाडापासून सुटला की काळजी नाही. तंदुरी, कबाब, बार्बेक्यू यांत बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. तिथे जाड भागात ७४ अंश तापमान गाठलं पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर फार महाग नसतो. रंगावरून ठरवू नका. फ्रीजरमधलं चिकन रात्रभर ओट्यावर ठेवून वितळवू नका. फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात खोलगट भांड्यात ठेवा, म्हणजे पाणी भाजीवर गळणार नाही. शिजलेलं दोन तासांत फ्रीजमध्ये जायला हवं. 'अँटिबायोटिक-फ्री' पाकीट किंवा गावरान कोंबडी घेतलीत तरी हेच सगळं लागू. ते लेबल कोंबडीला औषध दिलं नाही किंवा मांसात औषधाचा अंश नाही असं सांगतं, जिवाणू नाहीत असं सांगत नाही. कोंबड्यांना औषधं चारण्यावर नियंत्रण हवंच. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्य जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली, कारण माणसांसाठी ते अगदी शेवटच्या टप्प्यातलं औषध आहे. पण ते धोरणाचं काम झालं, तुमच्या ओट्यावरचं नाही.

आता दुसरा प्रश्न: जिवाणू वर का चढतोय. इथे सासूबाईंचं म्हणणं पुराव्याला धरून आहे. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेय पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज दीड लिटर जास्त पाणी पिणाऱ्या गटात वर्षाला सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. नेहमीइतकंच पिणाऱ्या गटात ३.२ वेळा. घरात करता येईल असा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. तुम्ही आधीच भरपूर पीत असाल तर मात्र एवढा फरक दिसणार नाही. ऑफिसात किंवा प्रवासात स्वच्छतागृह बरं नाही म्हणून लघवी दाबून ठेवणं, बद्धकोष्ठता आणि शुक्राणुनाशक लावलेले कंडोम यांनीही धोका वाढतो. जेट स्प्रे वापरताना धार पुढून मागे जाईल असा धरा, मागून पुढे नको. संबंधांनंतर लघवी करून येण्याचा पुरावा कच्चा आहे, पण त्यात तोटाही नाही.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात. तुम्ही त्यात बसता. म्हणून प्रत्येक वेळी नुसती गोळी न घेता डॉक्टरांकडून साखर तपासून घ्या. खडा आहे का आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे सोनोग्राफीत पाहायला सांगा. तिन्ही कल्चर रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवा. औषध संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोच जिवाणू, तशाच औषधसंवेदनशीलतेसह परत आला असेल तर तो आधीचाच उरलेला असू शकतो आणि खडा वगैरे शोधायला हवा. मध्ये महिने गेले असतील तर तो बहुधा आतड्यातून नव्याने चढलेला. ईएसबीएल असला तरी नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन ही तोंडाने घ्यायची औषधं बऱ्याचदा लागू पडतात. रिपोर्टवर त्यांच्यापुढे 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडतं) आहे का ते पाहा आणि डॉक्टरांना विचारा. जळजळ थांबली असेल तर 'जिवाणू गेला का' हे पाहायला पुन्हा कल्चर करू नका. गर्भारपणासारखी कारणं सोडली तर लक्षणांशिवाय लघवीत सापडलेल्या जिवाणूला औषध द्यायचं नसतं. दिलं तर पुढचा वाण आणखी चिवट मिळतो.

पुढच्या वेळी त्रास झालाच तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या. भाग पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. जमत नसेल तर फ्रीजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवा, २४ तासांपर्यंत चालतं. बाहेर उन्हात राहिलेल्या डबीत थोडे जिवाणूही लाखाचा आकडा गाठतात आणि नसलेलं इन्फेक्शन रिपोर्टवर उमटतं. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या किंवा गर्भधारणा असेल तर डबी लॅबला पाठवून रिपोर्टची वाट पाहत घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.